मालगाडीचे डबे: एकेक जमवायचे की ताफा उभा करायचा?

रूळवेडा

मॉडेल रेल्वेच्या इंजिनांवर इथे पानंच्या पानं भरली आहेत. मागच्या डब्यांचा विषय निघाला की सगळे गप्प. गाडीत इंजिन एक आणि डबे पंचवीस, बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून जातात ते डबेच. म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझं म्हणणं मांडतो, मग तुटून पडा. आपण डबे एकेक करून निवडतो. रंग आवडला, घेतला. चिन्ह ओळखीचं वाटलं, घेतला. प्रत्येक डबा सुटा बघितला तर देखणा, आणि सगळे एकामागे एक जोडले की लग्नाची वरात. खऱ्या मालगाडीचे जुने फोटो काढून बघा. तपकिरी, तपकिरी, मळकट तपकिरी, काळा, पुन्हा तपकिरी, मग कुठे एखादा नारिंगी. तो नारिंगी डबा उठून दिसतो तो आजूबाजूच्या तपकिरी गर्दीमुळे. आपण गर्दी सोडून नुसते नारिंगी गोळा करतो.

सुरुवात तारखेपासून करावी असं माझं ठाम मत आहे. नुसतं 'पन्नाशीचं दशक' म्हणून भागत नाही, त्या दहा वर्षांत फार उलथापालथ झाली. मी धरलाय ऑक्टोबर १९५३, अमेरिकेतली निकेल प्लेट रोड ही रेल्वे, एचओ म्हणजे १:८७ प्रमाण. एवढं ठरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. न्यू हेवन रेल्वेचे अध्यक्ष मॅकगिनिस यांच्या काळातले काळे-नारिंगी डबे १९५५ च्या आसपासचे, म्हणजे बाद. ट्रेलर ट्रेन कंपनीच १९५५ ची, तिचे फ्लॅटकार (सपाट, उघडे डबे) बाद. न्यूयॉर्क सेंट्रलचा हिरवा रंग त्याही नंतरचा. दुसऱ्या टोकालाही चाळणी लागते. आर्च-बार बोगींना (वाकवलेल्या पट्ट्यांच्या चौकटीचे जुने चाकगाडे) चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच इंटरचेंजमध्ये, म्हणजे एका रेल्वेचा डबा दुसरीच्या रुळांवर जाण्याला, बंदी आली होती, के-ब्रेक हा हवेच्या ब्रेकचा जुना प्रकार १९५३ मध्ये गेला. तेव्हा १९१८ नंतरच्या यूएसआरए (पहिल्या महायुद्धातलं सरकारी रेल्वे प्रशासन) आराखड्याचा लाकडी डबा माझ्या गाडीत खुशाल चालेल, पण त्याच्या पोटाखालचं सामान नंतरचं हवं.

खडखडाट

धागा छान, पण एक विचारतो. छंद आहे ना हा? मला वेस्टर्न पॅसिफिकचा पिसाचं चित्र असलेला चंदेरी डबा आवडतो, स्टेट ऑफ मेनचा लाल-पांढरा-निळा आवडतो. ते काय कपाटात ठेवू? ऑडिटर येणार आहे का तपासायला?

रूळवेडा

@खडखडाट, हौसेला कोण नाही म्हणतंय राव. दोन्ही ठेवा, फक्त एका गाडीत दोन्ही नकोत, आणि रोज तर नकोतच. रंगीत डब्यांची वेगळी पेटी करायची, दर वेळी गाड्या चालवायला बसलं की त्यातून एकच डबा बाहेर. मग तो आला की माणसं बघतात. सारखा समोर असला की स्टेट ऑफ मेनसुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा दिसेनासा होतो.

आणि हो, जाहिरातींनी रंगवलेले ते जुने रीफर, म्हणजे माल गार ठेवणारे डबे, घेण्याआधी साल बघा. भाड्याच्या डब्यांवर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करायला १९३४ मध्ये बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत ते सगळे पुसले गेले. पन्नाशीतल्या गाडीत त्यांची रांग लावली की माझ्यासारख्याच्या पोटात दुखतं.

पॅसिफिकवाली

मला आकडे हवेत. 'तपकिरी जास्त घ्या' हे पटलं, पण चाळीस डबे घ्यायचे तर बॉक्सकार (बंद पेटीसारखे डबे) किती, हॉपर (कोळशाचे, तळातून रिकामे होणारे) किती? आणि आपल्या रेल्वेचे किती, परक्यांचे किती?

रूळवेडा

चांगला प्रश्न, जरा सविस्तर लिहितो.

पन्नाशीच्या मध्यावर अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेंकडे मिळून सतरा लाखांच्या आसपास मालडबे होते आणि त्यातले साधारण चाळीस टक्के बॉक्सकार. आता बॉक्सकारचा स्वभाव लक्षात घ्या. त्यात पिठाची पोती जातात, फ्रिज जातात, कागदाची रिळं जातात. एका गावात रिकामा झाला की दुसरा कोणीतरी भरतो. नियम असा होता की परक्या रेल्वेचा रिकामा डबा भरायचा तर त्याच्या घराच्या दिशेला जाणारा माल भरा, नाहीतर रिकामा परत पाठवा, आणि तुमच्या रुळांवर आहे तोवर मालकाला रोजचं भाडं द्या. पण गिऱ्हाईक डबा मागत दारात उभं असताना यार्डातला माणूस जो हाताशी असेल तो देणार. परिणामी बॉक्सकार देशभर मिसळून गेले.

छंदातल्या काही चिकट मंडळींनी त्या काळातल्या कंडक्टरांच्या वह्या मिळवून एकेक डबा मोजला. हाती आलेला ठोकताळा असा: मुख्य मार्गावरच्या गाड्यांमध्ये परक्या बॉक्सकारांचं प्रमाण देशातल्या एकूण ताफ्यातल्या त्या त्या रेल्वेच्या वाट्याच्या जवळ जातं. रेल्वे तुमच्यापासून किती लांब आहे याला आपल्याला वाटतं तेवढं महत्त्व नाही. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल मिळून देशातल्या दर पाच-सहा बॉक्सकारांमागे एक. म्हणजे तुम्ही कॅलिफोर्नियातली रेल्वे केलीत तरी हे दोघे तुमच्या यार्डात हवेतच. कोणाकडे कुठल्या प्रकारचे किती डबे, कुठल्या नंबरांचे, हे ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरमध्ये छापलेलं असायचं. त्याच्या जुन्या अंकांच्या प्रती निघाल्या आहेत, आपल्या सालाजवळचा एक अंक हाताशी असला की पुष्कळ वाद मिटतात.

कोळशाचा मार्ग नसलेल्या रेल्वेसाठी चाळीस डब्यांची माझी वाटणी: बॉक्सकार २२, हॉपर ५, गोंडोला (बुटक्या बाजूंचे उघडे डबे) ४, टँककार ३, रीफर ३, फ्लॅटकार २, गुरांचा डबा १. बावीस बॉक्सकारांत घरचे सात-आठ. उरलेल्यांत पेन्सिल्व्हेनिया दोन, न्यूयॉर्क सेंट्रल दोन, आणि सांता फे, बाल्टिमोर अँड ओहायो, मिलवॉकी, सदर्न, इलिनॉय सेंट्रल, बर्लिंग्टन असे एकेक. पेन्सिल्व्हेनियाच्या दोनांतला निदान एक एक्स२९ असू द्या. तो बुटका पोलादी डबा १९२४ पासून हजारोंनी बांधला होता आणि पन्नाशीत सगळीकडे दिसायचा. त्याच्या शेजारी युद्धानंतरचा उंच पीएस-१ उभा केला की छपरांची रेघ वरखाली होते. ही वरखाली रेघ मला रंगापेक्षाही महत्त्वाची वाटते. सगळे डबे एकाच उंचीचे असले की गाडी साच्यातून काढल्यासारखी दिसते, आणि ती खरोखर एकाच साच्यातून काढलेली असतेच.

यार्डमास्तर_जुना

हा ठोकताळा लोक वेदवाक्य करून टाकतात म्हणून दोन खडे टाकतो.

एक, तो बॉक्सकारांचा आहे, आणि फार तर फ्लॅटकारांना लावता येईल. हॉपरला लावू नका. कोळसा खाणीतून निघतो, वीजघरात किंवा बंदरात जातो, आणि डबा रिकामा उलटा खाणीकडे. नॉरफोक अँड वेस्टर्नचा हॉपर नॉरफोक अँड वेस्टर्नच्याच रुळांवर आयुष्य काढतो. तुमच्या मार्गावर ज्या खाणपट्ट्यातला कोळसा येतो तिथल्याच रेल्वेचे हॉपर घ्या, भले सगळे एकाच रेल्वेचे होवोत. रूळवेड्यांनी निकेल प्लेट धरलीय, तिने १९४९ मध्ये व्हीलिंग अँड लेक एरी भाड्याने घेतली होती. त्यांचा हॉपरचा प्रश्न तिथेच सुटतो.

टँककार तर रेल्वेंच्या मालकीचे जवळजवळ नसतातच. नंबराआधीच्या अक्षरांत शेवटी एक्स असला की समजा खासगी मालक. युनियन टँक आणि जनरल अमेरिकन हे भाड्याने देणारे दोन मोठे. काळे, साधे, त्यावर बारीक अक्षरं. तेल कंपनीचं मोठं रंगीत चिन्ह असलेला टँककार ही खेळण्यांच्या कारखान्याची आवड.

रीफर हंगामाने येतात. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस म्हणजे युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांची भागीदारी, १९०६ पासूनची. त्यांचे नारिंगी डबे एकटेदुकटे न येता फळांच्या दिवसांत गठ्ठ्याने यायचे. निकेल प्लेटवर शिकागोहून पूर्वेला मांसाचे रीफर धावायचे, तेही गठ्ठ्यानेच. तेव्हा चाळीसांत तीन रीफर सगळ्या गाड्यांत वाटून टाकण्यापेक्षा एका गाडीत तिन्ही एकत्र बरे.

दोन, आडवळणाच्या शाखेवर हा नियम गळपटतो. तिथे एकच मोठा कारखाना असेल तर त्याचं गिऱ्हाईक कुठे आहे त्यावर डबे ठरतात. लाकडाची वखार असेल तर वायव्येकडचे डबे, ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक. वर्तमानपत्राचा छापखाना असेल तर कागद घेऊन येणारे कॅनडाचे डबे. कॅनडाच्या डब्यांचं कस्टम्सचं बंधन होतं, अमेरिकेतल्या अमेरिकेत त्यात माल भरून फिरवता यायचा नाही. म्हणून तो आला की मालासकट सीमेपलीकडून आला आणि तिकडेच परत गेला, एवढी कथा त्याच्यासोबत हवी.

रूळवेडा

@यार्डमास्तर_जुना, मान्य. शाखेवरून आठवलं, कॅनडाच्या डब्यांचं हे गणित वेबिलवर, म्हणजे डबा कुठला माल घेऊन कुठे जाणार ते सांगणाऱ्या चिठ्ठीवर, चालवायला फार मजा येते. परतीच्या वेबिलवर माल लिहायला जागाच ठेवायची नाही.

ढकलगाडी

सगळे रंग आणि सालाबद्दलच बोलताय. माझे डबे वळणावर रूळ सोडतात. खरेपणाची चर्चा त्यानंतर.

सांधेवाला

@ढकलगाडी, वजन बघा आधी. एनएमआरएची (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) शिफारस एचओसाठी अशी आहे: मूळ १ औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी बॉक्सकार मॉडेलमध्ये साडेपाच इंच, म्हणजे पावणेचार औंस, साधारण १०६ ग्रॅम. बरेच डबे खोक्यातून निघतात ते याहून हलके असतात. वजन आतल्या तळाला चिकटवा, उंचावर नको. सगळ्या डब्यांचं वजन एकाच सूत्राने असणं हे जास्त महत्त्वाचं, कारण जड डब्यांच्या पुढे हलका डबा सापडला की वळणावर तोच आत ओढला जातो.

मग बोगी. एका टोकाचा स्क्रू इतपत आवळा की बोगी वळेल पण डावी-उजवी डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा थोडा सैल, म्हणजे ती बोगी सगळ्या बाजूंनी हलेल. डबा तीन बिंदूंवर उभा राहतो आणि रुळातला खड्डा पचवतो. चाकं धातूचीच. प्लास्टिकची चाकं घाण धरतात आणि तीच रुळावर पसरते. चाकांचं आपसांतलं अंतर एनएमआरएच्या पत्र्याच्या गेजवर तपासायचं, त्याच बैठकीत केडी कंपनीच्या उंची-गेजवर कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडेही. हे सगळं झाल्याशिवाय डब्याला रंगाचा ब्रश लावू नये असं मी मानतो.

अरुंद चाकांबद्दल: नेहमीचं चाक ०.११० इंच रुंद, अरुंद ०.०८८. मागून बघितलं तर फरक नक्की दिसतो. पण तुमच्या सांध्यांच्या फ्रॉगमध्ये (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात) जागा जास्त असेल तर अरुंद चाक तिथे धपकन पडतं. फोटोसाठी ठेवणीतल्या डब्यांना लावा, रोजच्यांना ०.११० बरं.

धूळभरली

माझ्या आवडीच्या विषयावर कोणी आलंच नाही, तर मीच येते. मळवणं.

पहिली गोष्ट, आपण डबे वरून बघतो. खरा माणूस जमिनीवर उभा राहून बाजू बघायचा, आपल्याला आधी छप्पर दिसतं. तरी सगळी मेहनत बाजूंवर होते आणि छपराला वरवरचा काळा फवारा मिळतो. त्या काळातली बरीच छपरं जस्त चढवलेल्या पत्र्याची असायची, त्यावर रंग नीट धरायचा नाही. तो हळूहळू फिका न पडता पापुद्र्यांनी उडायचा. म्हणजे तपकिरी छपरावर राखाडी धातूचे तुटक, कडा ठळक असलेले तुकडे. मी आधी छप्पर राखाडी करते, त्यावर बारीक स्पंजाने द्रव मास्किंग टिपते, वर तपकिरी रंग, आणि वाळल्यावर मास्किंग बोटाने चोळून काढते. प्रत्येक छप्पर वेगळं उतरतं. वरची फळी, म्हणजे रनिंग बोर्ड, जुन्या डब्यांवर लाकडी आणि युद्धानंतरच्यांवर लोखंडी जाळीची. लाकडी असेल तर एकेक फळी वेगळ्या राखाडी छटेत.

दुसरी, चाकं. सगळे सरसकट गंजाचा रंग फासतात. १९५३ साली बहुतेक डब्यांना तेलात भिजवलेल्या कापसाच्या पेटीतले साधे बेअरिंग होते. त्यातून तेल झिरपून चाकाच्या दर्शनी बाजूवर यायचं, त्यावर धूळ बसायची. म्हणून चाक काळपट, ओलसर, चिकट दिसायला हवं, पेटीच्या झाकणाखाली तर जास्तच. गंजलेलं कोरडं तपकिरी चाक हे रोलर बेअरिंगच्या काळातलं. एवढं एक केलं तरी डब्याचं साल कळतं.

तिसरी माझी सगळ्यात लाडकी. डब्याच्या बाजूला डावीकडे खाली वजनाचे आकडे असतात: क्षमता, लोड लिमिट, रिकामं वजन. रिकामं वजन ठरावीक काळाने पुन्हा करायचे आणि जुने आकडे झाकून नवे छापायचे, शेजारी तारीख आणि वजन केलेल्या ठिकाणाची खूण. बाकी डबा मळलेला आणि तेवढाच चौकोन ताज्या रंगाचा. म्हणून पूर्ण डबा मळवून झाल्यावर मी तेवढ्या जागी स्वच्छ रंगाचा तुकडा लावते आणि त्यावर नवी डेकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं. मात्र दोन आकड्यांचा मेळ बसला पाहिजे. त्या काळातल्या नेहमीच्या पन्नास टनी डब्याचं रुळावरचं एकूण वजन १,६९,००० पौंडांपर्यंत चालायचं. रिकामं वजन ४५,२०० झालं तर लोड लिमिट १,२३,८००. एक बदललं की दुसरं बदलतं. तारीखही आपल्या सालाच्या मागची हवी. ऑक्टोबर १९५३ च्या गाडीत १९५५ चं वजन छापलेला डबा भिंगातून दिसतोच.

खडूच्या खुणा विसरू नका. यार्डातले लोक डब्यावर खडूने आकडे, बाण खरडायचे. टोकदार पांढरी पेन्सिल, दोन-तीन रेघा, बस्स.

खडखडाट

@धूळभरली, ताई, हे १,६९,००० प्रकरण वाचून मी आत्ता चार डबे भिंगाखाली धरले. एकाचा मेळ बसतो. बाकी तिघांबद्दल काही विचारू नका.

सिग्नलडाऊन

पन्नाशीवाल्यांच्या गर्दीत माझाही आवाज. मी १९७८ करतो आणि तिथे 'सगळं तपकिरी' हे तसंच्या तसं लागू पडत नाही. १९७४ पासून रेलबॉक्सचे, म्हणजे अनेक रेल्वेंनी मिळून वापरायचे, पिवळे डबे आले. त्याच सुमाराला डबेटंचाईवर उपाय म्हणून भाड्याचा दर वाढवून मिळू लागला, तेव्हा गुंतवणूकदारांनी कधी नाव न ऐकलेल्या छोट्या रेल्वेंच्या नावाने चकचकीत पन्नास फुटी बॉक्सकार बांधून घेतले. निळे, हिरवे, पिवळे. हे खरंच होते.

तरी मुद्दा तोच राहतो, प्रमाणाचा. पूर्वेकडच्या दिवाळखोर रेल्वे एकत्र करून कॉनरेल १ एप्रिल १९७६ ला सुरू झाली म्हणून १९७८ मध्ये सगळे डबे कॉनरेलच्या रंगात दिसत नव्हते. पेन सेंट्रलचे हिरवे, एरी लॅकवाना, रीडिंग, आणि त्याहून जुने, पेन सेंट्रल जन्मली त्या १९६८ च्या विलीनीकरणाआधीचे पेन्सिल्व्हेनियाचे डबेसुद्धा, कुठे जुन्या अक्षरांवर ठिगळ मारून, कुठे जसेच्या तसे. माझ्या ताफ्यात ताजा रंगवलेला कॉनरेल डबा मुद्दाम कमी आहे.

१९७८ चं एक खास चिन्ह: चाकांच्या एका प्रकारात दोष निघाला, म्हणून त्या वर्षी सगळ्या डब्यांची तपासणी झाली. काळ्या चौकोनात पिवळा ठिपका म्हणजे डबा ठीक, पांढरा म्हणजे सदोष चाकं आहेत, बदला. पांढरे वर्षअखेरपर्यंत गेले, पिवळे पुढे कितीतरी वर्षं दिसायचे. तसेच रंगीत पट्ट्यांचे एसीआय लेबल. १९६७ मध्ये डबे आपोआप वाचण्यासाठी ते स्वीकारले, धुळीने यंत्राला वाचता येईनात, १९७७ मध्ये योजना सोडली. लेबलं कोणी काढत बसलं नाही, तेव्हा १९७८ ला ती हवीत पण मळकी. आणि १९६६ पासून नव्या बॉक्सकारांना रनिंग बोर्ड नको असं ठरलं, म्हणून जुन्यांवर फळी आहे, काहींची काढलेली, शिड्या कापून आखूड केलेल्या, नव्यांचं छप्पर मोकळं. तिन्ही प्रकार एकाच गाडीत.

पॅसिफिकवाली

एक व्यावहारिक शंका. बारीक काम केलेले डबे हातात घेतले की पायऱ्या आणि दांडे तुटतात. चाळीसही डबे त्या दर्जाचे करायचे का?

सांधेवाला

अजिबात नको. गाडीतला नववा डबा चालत्या गाडीत कोणीही निरखत नाही. मधल्या डब्यांना साच्यातले दांडे चालतील, फक्त रंग-वजन-चाकं नीट हवीत. ॲक्युरेलसारखे साधे किट त्यासाठी उत्तम. बारीक तारेचे दांडे, जाळीदार रनिंग बोर्ड, ब्रेकच्या नळ्या हे सगळं त्या डब्यांना, जे फलाटाजवळच्या पुढच्या साइडिंगला बराच वेळ उभे राहतात. रेझिनचे किट तर अशाच डब्यांसाठी, जे प्लास्टिकमध्ये कोणी काढलेलेच नाहीत.

एकाच किटचे तीन डबे घेतले तर नंबर मात्र बदलाच. शेवटचे दोन आकडे डेकलने बदलले तरी पुरे. कार्डावर एकाच नंबराचे दोन डबे आले की यार्डात भांडणं लागतात. आणि तिघांचा तपकिरी रंग थोडा थोडा वेगळा करा, एकावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवून उन्हाने विटलेला, एक जवळजवळ नवा.

ढकलगाडी

स्क्रूचा उपाय लागू पडला, धन्यवाद सांधेवाले. आता हा माझा निकेल प्लेटचा पहिला बारा डब्यांचा संच, साल रूळवेड्यांचंच धरलंय: घरचे बॉक्सकार ३, पेन्सिल्व्हेनिया १, न्यूयॉर्क सेंट्रल १, स्टेट ऑफ मेन २, पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचा (पीएफई) रीफर १, काळे युनियन टँक २, व्हीलिंग अँड लेक एरी हॉपर १, कबूस (गाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा) १. काय बदलू?

रूळवेडा

@ढकलगाडी, सुरुवात झकास आहे. स्टेट ऑफ मेनचा एक डबा काढून खडखडाटांना विका, ते घेतीलच. त्या जागी साधा तपकिरी सदर्न किंवा मिलवॉकी आणा. टँककार एकच ठेवा, दुसऱ्याच्या जागी गोंडोला, आणि त्यातला माल उचलून काढता येईल असा करा, नाहीतर तो दोन्ही दिशांना भरलेलाच धावेल. हॉपरलाही तेच. एकटा पीएफई तूर्त राहू द्या, पुढची खरेदी मात्र त्याच्या जोडीदारांची करा.

खडखडाट

घेतो. नंबर कुठला आहे त्याचा? माझ्याकडे एक आहे, तोच निघायला नको.